ओट्यावरचे देश

लहान मुलांना देशांची ओळख करून द्यायची म्हटली की आईवडील आधी झेंड्यांची कार्डं विकत आणतात. मूल ती पाठ करतं, पाहुण्यांसमोर धडाधड म्हणून दाखवतं, राजधान्यासुद्धा सांगतं. पाठांतराचं कौतुक जरूर करावं. पण जपानचा झेंडा ओळखणाऱ्या त्या मुलाला, तिकडे आपल्याच वयाचं एखादं पोर सकाळी काय खात असेल, आजीजवळ झोपत असेल की नाही, असा प्रश्नही पडलेला नसतो. झेंड्यांनंतर नंबर येतो वेशभूषेचा. किमोनो, काउबॉयची टोपी, पिसांचा मुकुट. फोटो निघतात आणि देश संपतो.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात बरीच वर्षं बालवाडी चालवली. आता वर्ग नाही, पण गल्लीतली मुलं दुपारी ओट्यावर येतात. गुजरांची, पावऱ्यांची, भोयांची, मुसलमानांची, नोकरीसाठी नाशिक-पुण्याहून आलेल्यांची. घरी एक आहिराणी बोलतो, एक पावरी, एक गुजरी, आणि भांडतात मात्र सगळी मराठीत. परक्या देशाबद्दल मुलांशी कसं बोलावं हे मला पुस्तकांपेक्षा या जिल्ह्याने जास्त शिकवलं. त्याला कारण आहे.

२०११च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात शंभरांतले एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. तरीही इथल्याच एका स्नेहसंमेलनात मी ‘आदिवासी नृत्य’ पाहिलं आहे. चिमुरड्यांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला आंब्याचा पाला, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि कुठल्याशा सिनेमातलं हुर्र-हुर्र. समोर खुर्च्यांवर पावरा आया बसल्या होत्या, मावची बाप बसले होते. ज्यांच्या नावाने ते नृत्य होतं ती माणसं तिथे हजर होती, आणि कार्यक्रम बसवणाऱ्यांना ती दिसली नव्हती. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराचंही तसंच. मुलामुलींनी पळून जाऊन लग्न करण्याचा उत्सव, असं बाहेरच्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. होळीचा बाजार करायला आलेल्या माणसांनी, आणि आता त्यांच्या शिकलेल्या मुलांनी, ते खोटं आहे म्हणून किती वेळा सांगावं? शेजारच्या डोंगरातल्या माणसांबद्दल आपण इतकं बिनदिक्कत बोलतो, तर मेक्सिको आणि नायजेरियाबद्दल काय बोलत असू!

तेव्हापासून मी एक नियम पाळते. ज्या देशाबद्दल बोलायचं, तिथलं एक मूल आज ओट्यावर येऊन बसलं आहे, असं धरून चालायचं. आपण जे सांगतो, करतो, रंगवतो, ते बघून त्या मुलाला कसं वाटेल? ते म्हणेल का, की थांबा, हे असं नसतं, मी दाखवतो? मुलांना हे लगेच कळतं, कारण आमच्याकडे असं मूल बहुतेक वेळा खरोखरच बसलेलं असतं.

दुधीचंच बघा. पिठल्याइतकी रोजची भाजी. पण वेलावरच राहू दिला तर तो कडक होतो, देठ वाळतो, मग उतरवून सावलीत टांगायचा. वर बुरशीचे डाग पडतात, तेव्हा घरातलं कुणीतरी तो फेकायला निघतं, त्याला अडवायचं. हलवल्यावर आत बिया खुळखुळायला लागल्या की दुधी तयार झाला. भिजवून पाठीवरची पातळ साल चमच्याने खरवडली की खालचं पिवळसर लाकूड दिसतं. तोंड कापणं मोठ्या माणसाचं काम. आतला वाळका गर काढताना नाकाला रुमाल बांधायचा, त्याची धूळ घशाला फार लागते. मग बरेच दिवस पाणी भरून ठेवायचं, रोज बदलायचं, कडवटपणा जाईपर्यंत.

सातपुड्यात असा दुधी पाणी न्यायला वापरतात. होळीला नवस केलेले बावा आणि बुध्या वाळलेले दुधी नि मोठे घुंगरू कमरेला बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर राखेचे, पिठाचे ठिपके. त्या दिवसांत कडक पथ्य असतं. अनवाणी राहायचं, जमिनीवर झोपायचं, घरसंसारापासून दूर राहायचं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी पहाटे पेटते, तोवर रात्रभर हे लोक नाचत असतात.

आमचा पहिला दुधी तयार झाला तेव्हा एका मुलाने तो दोरीने पोटाला बांधला आणि नाचायला लागला. धडगावकडचा एक पावरा मुलगा, एरवी अगदी मोजकं बोलणारा, उठला आणि म्हणाला, “बाई, हा असा नाही बांधायचा. माझ्या काकाने नवस केला तेव्हा बांधला. नवस नसला तर नाही बांधत.” मग त्याने सगळं सांगितलं. काका किती दिवस खाटेवर बसले नाहीत, कुणाच्या हातचं खाल्लं नाही, पायाला काय झालं होतं. मुलं ऐकत राहिली. दोरी सुटली. आम्ही ठरवलं, दुधी बांधायचा नाही, वाजवायचा.

वाजवायचा म्हटल्यावर आफ्रिका आली. दुधीची वेल मूळची तिकडची. बिया घेऊन ती माणसांबरोबर आणि समुद्रावर तरंगतही जगभर गेली. माणसाने लावलेल्या सगळ्यात जुन्या वेलींपैकी ही एक. माली, सेनेगल, गाम्बिया या देशांत मोठा दुधी अर्धा कापतात, त्यावर गाईचं कातडं ताणतात आणि एकवीस तारा लावून ‘कोरा’ नावाचं वाद्य करतात. पिढ्यान्‌पिढ्या राजांच्या, घराण्यांच्या कथा गाणारी कुटुंबं ते वाजवतात. नायजेरियातले योरुबा लोक दुधीवर मण्यांची सैल जाळी घालतात, हलवलं की मणी बाहेरून आपटतात. त्याला ‘शेकेरे’ म्हणतात. आपल्या मिरजेचा तंबोराही भोपळ्यावरच उभा असतो, हे सांगितलं की मुलं घरी जाऊन मोबाइलवर तंबोरा शोधतात.

जाळी विणायला प्रकाशा गावचे एक भोई आजोबा मदतीला आले. तापीत टाकायचं जाळं ते आजही हाताने विणतात. गाठ एकच, फक्त प्रत्येक गाठीआधी एक मणी ओवायचा. लहान बोटांना गाठ जमत नाही, मणी ओवणं जमतं. म्हणून मुलं ओवत गेली, आजोबा गाठी मारत गेले. शेवटी वाद्य वाजलं तेव्हा आजोबाच जास्त वेळ वाजवत बसले. मी मुलांना स्पष्ट सांगितलं, हे शेकेरेसारखं आहे. खरं शेकेरे योरुबांचं, त्यांच्याकडे ते पूजेतही वाजतं. ‘सारखं आहे’ म्हणायची सवय लागली की मुलं पुढे आपणहून विचारतात, मग खरं कसं असतं?

मेक्सिको आमच्याकडे वाऱ्यावरून येतो. नंदुरबारला मिरचीचा हंगाम असला की गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. बसच्या खिडकीतून ठसका लागतो. ही मिरची मूळची अमेरिका खंडातल्या मेक्सिकोची, पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात इकडे आली, असं सांगितलं तर मोठी माणसंही मान हलवतात. मुलांना मात्र पटकन पटतं. “मेक्सिको कोणत्या तालुक्यात?” असं एका मुलीने विचारलं होतं. मला तो प्रश्न फार योग्य वाटला. तिच्या जगातली सगळ्यात लांबची जागा म्हणजे अक्राणी तालुका.

मकाही मेक्सिकोचीच. आपण ती वाळवून दळतो, भाकरी थापतो. तिकडे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात आणि सकाळी धुऊन वाटतात. हे घरी सहज होतं. वाटीभर पांढरी मका, पानाला लावायचा चुना करंगळीच्या नखावर मावेल एवढा, आणि भरपूर पाणी. चुना मोठ्या माणसानेच हाताळायचा. तासभर मंद आचेवर ठेवलं की पाणी पिवळं होतं. सकाळी दाणे पाण्यात चोळायला मुलांना द्यायचे. टरफलं बोटांत सुटून येतात, आणि त्या निसरड्या टरफलांत मुलं रमून जातात. तीन-चार पाण्यांनी धुतलं की पाट्यावर वाटायचं. मेक्सिकोतल्या बायकांचा पाटाही दगडाचाच असतो, फक्त त्याला खाली तीन पाय आणि पुढे उतार. त्या गुडघ्यांवर बसून वाटतात. पिठाला निराळाच वास येतो, थोडासा ओल्या भिंतीसारखा, आणि ते आणखी पाणी न घालता चिकटून राहतं, भाकरीसारखं फाटत नाही.

चुना कशाला, हे मुलं विचारतातच. मक्यातलं एक जीवनसत्त्व दाण्यात बंद असतं, चुन्याने ते मोकळं होतं. युरोपच्या लोकांनी मका उचलून नेली, पण चुन्याची रीत नेली नाही. पुढे जिथे गरिबांच्या ताटात नुसती मकाच उरली, तिथे पेलाग्रा नावाच्या आजाराने माणसं मेली. पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरे: त्या आज्यांना काहीतरी माहीत होतं, आणि पाहुण्यांनी त्यांना विचारलं नाही. हे वाक्य मुलं विसरत नाहीत.

नकाशा मी अंगणात काढते. शेणाने सारवून, रांगोळीने ढोबळ खंड. आधी आपली तापी. ती सूर्य मावळतो तिकडे जाते, सुरतेला समुद्राला मिळते. त्या समुद्रापलीकडे आफ्रिका, तिथे दुधी ठेवा. आणखी पुढे, मोठा समुद्र ओलांडून मिरची. पुसलं तर पुन्हा काढता येतं, आणि मुलं त्यावर चालू शकतात. सीमा म्हणजे काय ते समजवायला नवापूर स्टेशन आहेच. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, तिकिटाची खिडकी एका राज्यात आणि स्टेशनमास्तरांची खोली दुसऱ्या. बाकावर मधोमध बसलेल्या मुलाला जमीन कुठेच चिरलेली दिसत नाही.

आता ज्या मुलांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती. दिवाळीनंतर डोंगरातली कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. पोरं बरोबर जातात, फडातच कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतात. परत येतात तेव्हा त्यांना गुजराती कळत असते, ट्रक कुठल्या वाटेने कुठे वळतो ते पाठ असतं, डांग, खानदेश, वऱ्हाड अशा कुठल्या-कुठल्या टोळ्यांबरोबर राहिलेली असतात. वर्गात मात्र ती मागे पडलेली म्हणून मागे बसतात. गल्लीत प्रवास त्यांच्याइतका कुणी केलेला नसतो. म्हणून ‘दुसऱ्या मुलखात’ हा विषय मी त्यांच्यापासून सुरू करते. कोपी कशी बांधतात? पाणी कुठून आणता? तिथली मुलं काय खेळतात? एका मुलीने अंगणात काड्या नि पाचट घेऊन कोपी बांधून दाखवली. दार कुठल्या बाजूला ठेवायचं, म्हणजे रात्री वारा आत येत नाही, हे तिने आम्हा सगळ्यांना शिकवलं.

तिच्या कोपीशेजारी मी रांगोळीच्या ठिपक्याने मॉरिशस ठेवला. १८३४पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातले मजूर करार करून तिथे उसाच्या मळ्यांवर नेले. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या पायऱ्यांवरून ते उतरले तो ‘आप्रवासी घाट’ आता जागतिक वारसा म्हणून जपला आहे. त्यांची पतवंडं आजही गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ती मुलगी बराच वेळ रांगोळीतल्या त्या ठिपक्याकडे बघत होती. मग म्हणाली, “त्यांनाही मुकादमाने उचल दिली होती का?” मी म्हटलं, हो, थोडंफार तसंच. इतका नेमका प्रश्न मला इतिहासाच्या पदवीधरानेही विचारलेला नाही.

ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि कोसबाडला खडे, बिया, पानं घेऊन बालवाडी उभी केली, त्याला किती दशकं झाली. साधन विकत आणावं लागत नाही हे त्यांनी दाखवून दिलं. मी त्यात एवढंच धरते, की साधनाबरोबर ते साधन वापरणारा माणूसही अंगणात यायला हवा. भोई आजोबा, पावरा मुलगा, कोपी बांधणारी मुलगी. परदेशातला माणूस येऊ शकत नाही, म्हणून त्याची जागा राखून ठेवायची.

आयांना एक अडचण हमखास येते. मूल ‘ई’ म्हणतं. जपानात कच्चा मासा खातात म्हटलं की ‘ई’, कुणाच्या डब्यात खेकड्याचा रस्सा असला तरी ‘ई’. रागावून उपयोग नाही. आमच्याकडे ‘मला नको’ म्हणायची पूर्ण मुभा आहे. ‘ई’ म्हटलं तर ज्याचा डबा त्याला समोर बसवून तो पदार्थ कसा करतात ते विचारायचं. खेकडा दगडाखालून कसा काढायचा हे एकदा ऐकलं की ‘ई’ म्हणणारा मुलगाच ओढ्यावर न्या म्हणून मागे लागतो. खाल्लाच पाहिजे असं काही नाही.

सध्या इथिओपियाची तयारी चालू आहे. तिथे टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून ‘इंजेरा’ नावाचं मोठं, जाळीदार धिरडं करतात. सगळं घर एकाच ताटाभोवती बसतं, आणि मायेच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवतात. टेफ इथे मिळत नाही, म्हणून भगर आणि थोडी नाचणी भिजवायची. ‘इंजेऱ्यासारखं’ होईल. दोन आयांनी विचारलं आहे, एकाच ताटात सगळ्यांनी जेवायचं का? ज्यांना चालणार नाही त्यांच्या मुलांना वेगळी ताटली मिळेल, त्यावर चर्चा होणार नाही. पीठ बुधवारी रात्री भिजवते आहे. मोठी परात घरून कोण आणणार, ते मुलांचं अजून ठरायचं आहे.