नारळ, पळस आणि सायकल

सायकल घेतली तेव्हा काय जोश होता! पुण्यात रोज पहाटे तीस किलोमीटर, घरी आल्या आल्या मोबाइलवर स्पीड चेक. पुढे आकडे घसरले, मूड गेला आणि सायकल बाल्कनीत कपडे वाळवायच्या कामाला लागली. तुमचंही असंच झालंय?

फेब्रुवारीत यवतमाळला घरी गेले. आई म्हणाली, ‘‘कळंबले जाऊन ये ना वं, चिंतामणीचा नारळ रायला.’’ स्कूटर भावाने नेलेली. उरली त्याची जुनी सायकल.

नागपूरच्या दिशेने वीस-बावीस किलोमीटर. जाताना बहुतेक उतार, कडेला पळस फुललेला. मोबाइल खिशातच राहिला. चिंतामणीचं मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं. घामेजलेल्या अंगाला तो गारवा... अहाहा!

येताना चढ. दोनदा खाली उतरून सायकल ढकलली. लाज नाही वाटली, कारण कुणी मोजत नव्हतं. मीसुद्धा!

आता पुण्यातही रोज जात नाही. रविवारी आधी ठिकाण ठरवते, मग सायकल काढते. किलोमीटर किती होतात? प्लीज, विचारू नका!