गच्चीवरचा साचा

5 नोव्हेंबर 1985 रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांनी वाळूजच्या बजाज कारखान्याचं उद्घाटन केलं आणि आमच्या शहराचं घड्याळ पाळ्यांवर चालू लागलं. तिथे सारखेपणा हाच गुण. एक नग दुसऱ्याहून केसभर वेगळा निघाला की बाद. कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका व्हेंडरच्या शेडमध्ये रात्रपाळी करणारा आमच्या शेजारचा पोरगा सकाळी घरी येतो आणि गच्चीवर, जगात दुसरीकडे कुठेच नसेल असा फायबरचा काऊल करायला बसतो. जुन्या बॉक्सर मोटरसायकलच्या सीटमागे लावायचा आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, म्हणून चासीला हात नाही. हौस काऊलवरच भागवायची.

आधी थर्माकोलचा ठोकळा कोरून आकार काढला. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला खाऊन टाकतं, म्हणून त्यावर पीओपीचा लेप, मग लांबी, मग पॉलिश पेपर. घासणं संपता संपत नाही. हात फिरवायचा, डोळे मिटून. डोळ्यांना न दिसलेला खड्डा बोटाला लागतो. मग मेण, मग त्या आकारावरून साचा. आणि खरा काऊल निघणार त्या साच्याच्या पोटातून.

इथून सगळं उलटं. साच्यात सर्वांत आधी जेलकोट मारायचा, म्हणजे लोकांना दिसणारं बाहेरचं चकचकीत अंग. त्यामागे काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन, थरावर थर. 450 ग्रॅमच्या मॅटचे तीन थर दिले की तीनेक मिलिमीटर जाडी येते. म्हणजे आधी कांती आणि नंतर हाडं. मला वेरूळचं कैलास आठवलं. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी ते शिखरापासून खाली कोरत आणलं; पाया सगळ्यात शेवटी. त्यांना चूक झाली तर दगड परत जोडता येत नव्हता. याच्याकडे निदान लांबीचा डबा आहे.

मे महिन्यात मात्र डबाही कामाला येत नाही. हार्डनर वजनाच्या एक-दोन टक्केच घालायचं, पण पारा 42वर गेला की तेवढ्यानेही मगातलं रेझिन ब्रश बुडवेपर्यंत घट्ट होतं, मग तापून धुरायला लागतं. म्हणून उन्हाळ्यात तो रात्रपाळीहून आल्या आल्या, ऊन चढायच्या आत हात चालवतो. रेझिनला वेग देणारं कोबाल्ट आधी त्यात नीट ढवळायचं आणि मगच हार्डनर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. हे तो मला प्रत्येक वेळी बजावतो, जणू मीच मिसळणार आहे. स्टायरिनचा वास जिन्यातून खाली उतरतो. काचेची कुसळं कपड्यांत शिरतात आणि त्याची आई ते कपडे चिमटीत धरून वेगळ्या बादलीत टाकते.

साच्यातून काऊल सुटतो तेव्हा पाचर मारल्यावर टक् असा कोरडा आवाज येतो. ऐकल्यावर मला त्या पोराचा हेवा वाटला, हे खरं.

आता पलीकडच्या गल्लीतल्या दोघांना तसाच काऊल हवाय. साचा तयार आहे. एक काढला काय, वीस काढले काय. पोरगा अडून बसलाय. रात्रभर सारखे नग मोजून आल्यावर घरी दुसरा नग काढायला हात धजत नाही. आई म्हणते, एवढी गच्ची अडवलीस, चार पैसे तरी येऊ दे.

परवा जिन्यात त्याने मला गाठलं. "काका, रंग दुसरा मारला तर तो वेगळाच धरायचा ना?"

"कंपनीवालेही तेच म्हणतात," मी म्हटलं.