लार्सच्या बाजूने

मेटॅलिकाच्या चाहत्यांमध्ये भांडण लावायला फार कष्ट पडत नाहीत. ‘लार्सला वाजवता येत नाही’ एवढं एक वाक्य टाकायचं आणि चहा सांगायचा. चहा येईपर्यंत दोन पार्ट्या पडलेल्या असतात. पुण्यात होस्टेलवरची चार वर्षं आणि नंतर नोकरीची सहा वर्षं मी हे भांडण ऐकतोय, आणि पहिल्या दिवसापासून मी लार्सच्या बाजूने आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: लार्स उलरिक हा मेटॅलिकाचा ड्रमर. मूळचा डेन्मार्कचा, टेनिसपटूचा पोरगा. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला त्याने पेपरात छोटी जाहिरात दिली, त्यातून जेम्स हेटफिल्ड भेटला आणि बँड उभा राहिला. म्हणजे घर बांधणारा हाच, आणि घरात सगळ्यात जास्त बोलणी खाणाराही हाच. आरोपपत्र मोठं आहे. स्टेजवर लय पुढे-मागे होते. रेकॉर्डवरच्या अवघड जागा लाइव्हला सोप्या करून टाकतो. १९८८ च्या अल्बममध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, त्याचंही बिल चाहते याच्याच नावावर फाडतात. २००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये त्याने स्नेअर ड्रमखालच्या तारा मोकळ्या सोडल्या, आणि अख्खा अल्बम कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत बसल्यासारखा वाजला. हा आरोप मलाही मान्य आहे. डबाच आहे तो.

शिवाय नॅपस्टर. २००० साली बँडने या फुकट गाण्यांच्या कंपनीवर खटला भरला, आणि गाणी वाटून घेणाऱ्या तीन लाखांहून जास्त लोकांची यादी घेऊन लार्स स्वतः त्यांच्या ऑफिसवर गेला. आमच्या होस्टेलवरचं सगळं मेटॅलिका एका सिनिअरच्या हार्डडिस्कमधून लॅनवर उतरलेलं होतं. त्यामुळे या मुद्द्यावर आम्ही फार ताणून बोलत नसू.

भांडणात एक तारीख हमखास येते, ६ जून २००४. इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनला डाउनलोड फेस्टिव्हल होता आणि लार्स हॉस्पिटलात. मग स्लेयरचा डेव्ह लोंबार्डो, स्लिपनॉटचा जोई जॉर्डिसन आणि लार्सचा स्वतःचा ड्रम सांभाळणारा फ्लेमिंग लार्सन अशा तिघांनी मिळून ती वेळ निभावली. लोंबार्डो आणि जॉर्डिसन दोघेही हाताने लार्सपेक्षा तयार, याबद्दल कुठल्याच पार्टीचं दुमत नाही. विरोधी पार्टी म्हणते, बघा, याच्यावाचून काही अडलं नाही. मी म्हणतो, त्या रात्री तिघांनी वाजवलं काय? लार्सने बांधलेलंच ना! मेटॅलिकाच्या जवळजवळ प्रत्येक स्वतःच्या गाण्यावर लेखक म्हणून त्याचं नाव आहे. हेटफिल्डकडे रिफांचा ढीग असतो. त्यातला कुठला आधी, कुठला नंतर, कुठे थांबायचं, कुठे दुप्पट करायचं, या जुळवणीत लार्सचा मोठा वाटा असतो. हे काम स्टेजवर दिसत नाही, म्हणून ते मोजलंही जात नाही. ऑफिसात कोडची रचना ठरवणाऱ्या माणसाचं असंच होतं. बटणाचा रंग बदलणाऱ्याला टाळ्या मिळतात.

बीटल्सच्या रिंगोचंही हेच. तो बँडमधलाही सर्वांत चांगला ड्रमर नव्हता, असा एक टोमणा लेननच्या नावावर वर्षानुवर्षं फिरतोय. लेनन तसं बोललाच नव्हता. तो विनोद नंतरच्या इंग्लिश विनोदवीरांचा. पण ड्रमरबद्दल वाईट काहीही खरं मानायला लोक तयार असतात.

माझी ही बाजू मात्र होस्टेलवर ठरलेली नाही. ती मी घरून घेऊन आलो होतो. माझं गाव डाळज, इंदापूर तालुका. पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण सोडलं की येतं. नाव एक आणि गावं तीन: डाळज नंबर एक, दोन, तीन. पलीकडे उजनीचं पाणी. आम्ही मातंग. माझे आबा हलगी वाजवायचे, आणि हौस म्हणून नाही. वरात, यात्रा, मयत, कुस्तीचं मैदान, जिथे बोलावणं येईल तिथे जायचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हलगी हातात धरली नाही. ‘आपल्या घरातलं हे आता बास,’ असं ठरवून धरली नाही, आणि मला शिकवलं ते याच ठरवण्यातून. तरी कान काही अण्णांच्या हुकमात नव्हते.

आबांकडून मी ताल शिकलो नाही, ताल बघायला शिकलो. हलगी आधी आगीवर शेकायची, कातडं ताणलं की बोटाने टिचकी मारून आवाज बघायचा. मग एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. बाजूला घुमकं आणि कैताळ. मैदानात पैलवानांची खडाखडी चालली असेल तर हात हळू ठेवायचा. पकड बसली की चढवायचा. आबा म्हणायचे, “हलगीकडं बघून हलगी वाजत नाय. मातीकडं बघायचं.” जो नुसताच जोरात आणि जलद वाजवतो त्याला ते ‘पावसाळी’ म्हणायचे. पत्र्यावर पाऊस पडतो तसा.

चार-पाच वर्षांपूर्वी दिवाळीत मी आबांना फोनवर लार्स दाखवला. ऐंशीच्या पुढचे आबा, ओट्यावर बसलेले. आधी त्यांनी ड्रमसेटचे नग मोजले.

“एवढी भांडी एकटाच वाजवतो?”

“हो.”

“आन् बसून. मग बरंय.”

थोडा वेळ बघितलं. कॅमेरा हलत होता, पण आबांची नजर हलत नव्हती.

“सारखा त्या गाणाऱ्याकडं बघतोय ह्यो.”

“त्याच्या हातावर वाजवतो, आबा.”

“मग बराबर हाय.”

मी सांगितलं की लोक याला नावं ठेवतात, जगभर. कुठल्या साली कुठल्या गावात हात चुकला, कुठली तार सोडली, सगळं लोकांना पाठ आहे. आबांना गंमत वाटली.

“म्हंजी लोक ऐकत्यात की.”

“शिव्या देतात, आबा.”

“शिव्या आमालाबी दिल्या लका. पर वाजवन्यावरनं न्हाय.”

यावर पुढे काही बोलणं झालं नाही. आईने चिवडा आणला.

आबांनी किती मैदानं केली, मोजता येणार नाहीत. आमच्याकडच्या गावांत त्या मैदानांवरच्या कुस्त्या लोकांना अजून आठवतात, कुणी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं ते मिनिटांच्या हिशोबाने सांगतात. तमाशातल्या ढोलकीवाल्याबद्दलही म्हातारी माणसं तावातावाने बोलतात, कुणाची थाप गोड आणि कुणाची नुसतीच दणकट. हलगीबद्दल मी कधी मत ऐकलं नाही. चांगली वाजली तरी ‘हलगी वाजत होती’, वाईट वाजली तरी ‘हलगी वाजत होती’. विहिरीवर मोटर चालू असते तशी. वाजवणाऱ्याला हाक जातीने मारायची, मग त्याच्या हाताबद्दल वेगळं बोलायची गरज कुठे राहते? लार्सची टवाळी करण्यासाठीसुद्धा आधी मान्य करावं लागतं, की हा एक वाजवणारा माणूस आहे आणि याचा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

आता थोडं बदललंय. काही मैदानांच्या पत्रिकांवर निवेदकाच्या खाली हलगीवाल्याचं नाव छापून येतं. माझा चुलतभाऊ वाजवतो, ठरवून घेतलेल्या रकमेवर, स्वतःच्या मोटारसायकलवर जाऊन. अण्णांना ते पटत नाही. दोघांचं यावर जमत नाही आणि मला दोघांचंही पटतं. अण्णांनी टिपरू टाकलं नसतं तर मी पुण्याला गेलो नसतो, हेही तितकंच खरं.

गेल्या वर्षी यात्रेच्या मैदानानंतर मी आणि तो हायवेच्या कडेला चहा पीत होतो. मागच्या बाकड्यावर टोपीवाले दोघं. एक म्हणत होता, शेवटच्या कुस्तीला हलगी मागं पडली, पोराचा हात हळू आहे. दुसरा म्हणाला, “तुला काय कळतंय, पैलवानच खडाखडी करत होते, त्यानं काय करायचं?” पहिल्याने नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट, आणि म्हणाला की त्याच्या आज्याचा हात याच्यापेक्षा तयार होता. दुसऱ्याला ते मान्य नव्हतं. आवाज चढला.

चुलतभावाने मान वळवली नाही. बशीतला चहा तसाच धरून ऐकत राहिला. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “अजून एक एक सांग.”