लंडनांत भेटलेली देवळाली

गतवर्षीं चिरंजीवांच्या आग्रहास्तव लंडन शहरीं चार महिने राहण्याचा योग आला. त्यांचें बिऱ्हाड शहराच्या पूर्वभागीं. जन्मभर संस्कृत शिकवून बेताचेंच इंग्रजी जाणणाऱ्या मजला तेथील जुन्या रहिवाशांची बोली मोठी कोड्यांत टाकी. जिन्यास 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणावयाचें. कां, तर 'पेअर्स'चें 'स्टेअर्स'शीं यमक जुळतें! त्यांतही यमकाचा शब्द गाळून नुसतें 'ॲपल्स' म्हणण्याची चाल. मग परक्यास अर्थ लागावा कसा?

एके दिवशीं शेजारच्या वृद्ध बाई आपला चष्मा शोधीत होत्या. तो कपाळावरच सांपडतांच त्या हंसून म्हणाल्या, "मी अगदीं डूलाली झालें!" सूनबाईंनीं अर्थ सांगितला : डूलाली म्हणजे भ्रमिष्ट, आणि हा शब्द आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून! ज्या गांवीं मीं पंधरा वर्षें अध्यापन केलें व आज घर करून राहिलों आहें, जेथील हवा निरोगी म्हणून लोक प्रकृतीसाठीं येऊन राहतात, त्याचें नांव वेडाला? खरेंच सांगतों, मला राग आला.

पुढें हकीकत वाचली तेव्हां तो निवळला. १८६१ सालीं देवळालीस गोऱ्या फौजेची छावणी वसली. नोकरीची मुदत भरलेले शिपाई मायदेशीं जाण्यासाठीं तेथें येऊन थांबत. परंतु फौजेच्या बोटी हिंवाळ्याच्या सुमारासच सुटत. उन्हाळ्यांत मुदत भरे त्यास कित्येक महिने तिष्ठत राहावें लागे. हातांस काम नाहीं, भोंवतीं ऊन, हिंवताप आणि दारू. कित्येकांच्या मनाचा तोल जाई. त्या अवस्थेस ते 'डूलाली टॅप' म्हणत. हा 'टॅप' म्हणजे आपला तापच. 'तप्' धातूच्या कुळांतला.

याच शिपायांच्या तोंडीं मायभूमीचें नांव 'ब्लायटी' असें झालें, तें 'विलायती' या शब्दावरून. जें आपणांस परदेश, तेंच त्यांचें घर!

हें वाचीत असतां दृष्टि भिंतीवरील दिनदर्शिकेकडे गेली. तिच्यावर मी रोज एकेक फुली मारून परतीचे दिवस मोजीत होतों. सूनबाईंच्या सेवेंत उणें नव्हतें, नातवंडांस आजोबांवांचून करमत नसे. तरी मन देवळालीच्या ओटीवर. मग त्या शिपायांवर रागावण्याचा मजला अधिकार कोणता?

निघतांना शेजारच्या बाईंस म्हटलें, "एकदां देवळालीस या, द्राक्षें खा, आमच्या ओटीवर स्वस्थ बसा." गांवाची इभ्रत राखावयास माझ्यापाशीं दुसरा उपाय नव्हता.