मागचं दार

मलकापुरात ज्युनिअर कॉलेजला मी जीवशास्त्र शिकवतो. नर्सिंगचं विचारायला आलेल्या मुलीला माझं उत्तर ठरलेलं असायचं: सायन्स घे, सीईटी दे, बी.एस्सी. नर्सिंग कर. चार वर्षं, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी, पुढे एम.एस्सी.ला वाट मोकळी. ए.एन.एम., जी.एन.एम. हे नर्सिंगचे पदवीखालचे कोर्स म्हणजे मला मागचं दार वाटायचं. ते सरकारनं बंदच करावेत, असं स्टाफरूममध्ये ठासून सांगायचो.

हल्ली तसं म्हणत नाही.

नातवाला गोवर-रुबेलाची लस द्यायला लेकीबरोबर आंबा घाटाकडच्या एका उपकेंद्रात गेलो होतो. तिथल्या आरोग्यसेविकेनं कुपी उचलली आणि आधी तिच्यावरची खूण उजेडात धरून पाहिली. वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असला तरच लस वापरायची; उष्णता लागेल तसा तो गडद होत जातो. मग पावडरीत द्रावण मिसळून तिनं कुपीवर वेळ टाकली, कारण चार तासांनंतर त्यातलं उरलेलं वापरायचं नसतं. मध्येच एका आजीबाईंना बजावलं, "ताप आला तर गोधडीत गुंडाळू नका हं बाळाला." उष्णतेनं प्रथिनं बिघडतात हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. ही बाई ते हातानं पाळत होती, आणि शिक्षण विचारलं तर बारावी आर्ट्स, मग दोन वर्षांचं ए.एन.एम.

डोंगराळ भागात 3,000 वस्तीमागे एक उपकेंद्र असावं असा निकष आहे, सपाटीवर 5,000. आमच्या शाहूवाडीसारख्या तालुक्यात ही उपकेंद्रं कोण चालवणार? आमच्याकडे लांबच्या वाड्यांवरून एस.टी.नं येणाऱ्या कितीतरी मुली आर्ट्सलाच जातात, कारण प्रॅक्टिकल संपेपर्यंत थांबलं तर शेवटची गाडी चुकते. बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतंच. माझ्या सल्ल्यानं त्यांच्या तोंडावर दार लागत होतं.

जी.एन.एम.चा हिशेब तर मी कधी नीट मांडलाच नव्हता. कोणत्याही शाखेची बारावी, इंग्रजी विषय आणि 40 टक्के. तीन वर्षांचा कोर्स. नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की पगार सुरू, आणि जमेल तेव्हा दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. सरळ पदवीपेक्षा एकच वर्ष जास्त, तेही मध्ये घराला हातभार लावून. कोल्हापूरला खोली करून चार वर्षं पोरीला ठेवणं ज्या बापाला झेपत नाही, त्याला हा फरक लगेच कळतो.

सायन्सच्या मुलीला मात्र अजूनही बी.एस्सी.च सुचवतो. आणि 'एका वर्षात नर्स व्हा' म्हणणाऱ्या क्लासचं पत्रक कुणी आणलं की एवढंच विचारायला सांगतो: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागणार का? तिथं नाव नाही तर परिचारिका म्हणून काम नाही, फी कितीही भरा.

स्टाफरूममधला माझा वाद आता दुसराच आहे. त्या आरोग्यसेविकेनं उद्या जी.एन.एम. करायचं ठरवलं तर तिची ए.एन.एम.ची दोन वर्षं कुणी मोजणार नाही. पहिल्या वर्षाच्या बाकावर बसून, इंजेक्शन कसं धरायचं इथपासून तिला पुन्हा शिकावं लागेल.