मुंबई ते हीथ्रो : अंतर एक, वेळा अनेक

मुलगी लंडनला गेल्यापासून मुंबई ते हीथ्रो हे अंतर आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. सरळ हवाई रेषेत साधारण 7,200 किलोमीटर. वेळ मात्र प्रत्येक जण वेगळी सांगतो आणि गंमत म्हणजे कुणीच खोटं बोलत नसतं.

गेल्या हिवाळ्यात जाताना शेजारी साताऱ्याकडचे एक काका होते. पहिलाच विमानप्रवास. तिकिटाची घडी उलगडून मला दाखवत म्हणाले, "दुपारी एकला निघून सहाला टेकणार. पाच तासांत लंडन!" मी म्हटलं, "काका, ते सहा तिथल्या घड्याळाचे. हिवाळ्यात ते आपल्यामागे साडेपाच तास असतं. साडेदहा तास धरा." काकांनी क्षणभर हिशेब केला, मग वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. विमानाचा जमिनीवरचा वेग आठशेच्या आसपास रेंगाळत होता आणि खाली समोरून येणाऱ्या वाऱ्याचा आकडा शंभराच्या पुढे. हिवाळ्यात उत्तर भारत आणि पश्चिम आशियावरून, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहत असतो. जाताना तो छातीवर घ्यावा लागतो, परतताना पाठीशी असतो. परतीला त्याच पडद्यावर हजाराच्या वरचा आकडा पाहिला आणि तासाभराहून अधिक वेळ वाचला. विमान तसंच, अंतरही तेवढंच.

अंतर 'तेवढंच' म्हणणंही पूर्ण खरं नाही. 7,200 हा नकाशावरचा आकडा. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी, वळसे घेत जातं. 2019 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश फेब्रुवारी ते जुलै बंद ठेवलं, तेव्हा युरोपला जाणाऱ्या कितीतरी विमानांना लांबून जावं लागलं. सर्वाधिक फटका दिल्लीहून सुटणाऱ्यांना. मुंबईकरांना अरबी समुद्र तरी होता.

हीथ्रोची तऱ्हा आणखी न्यारी. धावपट्ट्या दोनच आणि गर्दी अफाट. त्यामुळे बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणी विमानं एकावर एक थर लावून घिरट्या घालत थांबतात. खाली दिवे दिसताहेत, पट्टे बांधलेत आणि विमान गोल गोल फिरतंय. काका म्हणाले, "रस्ता चुकला की काय?" विमान कंपन्या असा थोडा वेळ वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात. तिकिटावरचा कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. हवेतला त्याहून कमी.

माझ्या मते खरा प्रवास तर पुणे ते मुंबई विमानतळ हाच. जेमतेम दीडशे किलोमीटर, पण घाट आणि पुढची कोंडी धरून चार तास हाताशी ठेवावेच लागतात. वर तीन तास आधी हजेरी. म्हणजे सात तासांत आपण अजून मुंबईतच!

तेव्हा तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करत बसू नका; कालावधी वेगळा छापलेला असतो, तोच पाहा. आणि घ्यायला येणाऱ्याला विमान टेकण्याची वेळ कळवाल, तर त्यात पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा मिळून निदान तासभर मिळवूनच कळवा.