फ्लॅश मारू नको हां

कमी उजेडात फोटो काढायला कुठली लेन्स घ्यावी, हा प्रश्न ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं (दुकानातली सगळ्यात महाग ती), त्याला फक्त घरी सांगायला एखादं तांत्रिक कारण हवं असतं. मी उलट विचारतो, "कशाचे फोटो? आणि तू बसणार कुठे?" यावर समोरचा जरा हिरमुसतो, कारण त्याला मॉडेल नंबर हवा असतो. पण या दोन प्रश्नांशिवाय लेन्सबद्दल बोलणं म्हणजे रिक्वायरमेंट न घेता डेटाबेस निवडण्यासारखं आहे. (तेही आमच्याकडे होतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर नीट शोधावं लागलं ते मामामुळे. मामा सिंधुदुर्गातला, दशावतारी. एका कंपनीत चाळीसेक वर्षं राजाची पार्टी करतोय. दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टरांनी आता उड्या बंद म्हणून सांगितलंय, तेव्हा गेला हंगाम हा शेवटचा असं त्याने जाहीर केलं होतं. आणि घरात शोधायला गेलो तर त्याचा राजाच्या वेशातला एकही धड फोटो नाही! जे आहेत ते सगळे कोणी ना कोणी फ्लॅश मारून काढलेले. चेहरा पांढराफटक, डोळे लाल, किरीट चकाकतोय आणि मागे काळाकुट्ट अंधार. पासपोर्टच्या फोटोला किरीट घातल्यासारखं दिसतं.

जत्रेला येतो, फोटो काढतो म्हणून फोनवर सांगितलं, तर त्याची अट एकच: "फ्लॅश मारू नको हां. मगे माका समोरचो दिसना नाय."

ही काही कलावंताची लहर नव्हे. रात्रभर मंद उजेडाला सरावलेल्या डोळ्यांत अचानक लखकन प्रकाश गेला की पुढचे काही क्षण समोर नुसता डाग दिसतो. आणि दशावतारात युद्धनृत्य असतं. दोघं तलवारी घेऊन गिरक्या मारत असतात, खाली जमखाना, कडेला मांडी घालून बसलेली पोरं. शिवाय संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेलं, बोलायचं ते उभ्या जागी सुचेल तसं. अशा वेळी लक्ष उडवणं म्हणजे मुलाखत चालू असताना उमेदवाराच्या कानाशी फटाका फोडणं.

बरं, फ्लॅशने काम तरी होतं का? कॅमेऱ्याच्या डोक्यावर उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला साधारण १२ असतो. म्हणजे एफ ५.६ ला त्याचा उजेड जेमतेम दोन मीटर पुरतो. आयएसओ वाढवला की पल्ला वाढतो, पण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो हा नियम काही सुटत नाही. सभागृहात पाठीमागच्या रांगेतून फ्लॅश मारणारे लोक पुढच्या रांगेतल्या टकलांचे उत्तम फोटो काढत असतात.

तेव्हा फ्लॅश बाद. आता आकडेमोड. (ज्यांना कंटाळा येतो त्यांनी दोन परिच्छेद उडवा, मामा पुढे भेटेल.)

माझ्याकडे निकॉनचा डी७५०० आहे, २०१७ साली आलेला, एपीएस-सी सेन्सरचा. सोबत मिळालेली झूम लेन्स टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते. हा एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले छिद्राचा व्यास, त्यामुळे आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. ५० मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ ला असेल तर छिद्र ९ मिलिमीटर, बाहीच्या छोट्या बटणाएवढं. तीच एफ १.८ ला उघडली तर जवळपास २८ मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठं. प्रकाश क्षेत्रफळातून येतो, तेव्हा वर्ग करायचा: जवळजवळ दहापट. म्हणजे देवळापुढच्या मांडवात आयएसओ ३२०० वर एफ १.८ ला १/१२५ सेकंद मिळत असेल, तर झूमवर त्याच ठिकाणी १/१३ सेकंद मिळणार. १/१३ सेकंदात देवळातली समई फोटोत चांगली येईल, पण राजा नाही.

इथे कोणीतरी म्हणतंच, "मग आयएसओ वाढव की." वाढवता येतो, पण आयएसओ वाढवून प्रकाश वाढत नाही, जो आलाय तोच मोठा करून दाखवला जातो. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. थेंब कमी तेवढी ही अनियमितता ठळक, फोटोतले रवे बरेचसे तेच असतात. दहापट प्रकाश आला की सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर तिप्पटच सुधारतं (वर्गमूळ!), पण तेवढं पुरतं. आता सॉफ्टवेअर मदतीला आहे. लाइटरूममध्ये २०२३ साली एआयवाला डिनॉइज आला आणि आयएसओ ६४०० ची भीती पुष्कळ कमी झाली. पण रवे काढता येतात, हललेला चेहरा नीट करता येत नाही. आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझा थरथरणारा हात सांभाळतं, मामाची गिरकी नाही. फोनचा नाइट मोड तर बऱ्याच फ्रेम एकावर एक रचतो. स्थिर देऊळ सुंदर येतं, पण हलत्या तलवारीवर तो नीट एकवाक्यता करू शकत नाही.

म्हणजे मोठ्या छिद्राची लेन्स हवी हे ठरलं. किती मोठ्या? एफ १.४ आणि एफ १.८ यांत उजेडाचा फरक सुमारे दीडपटीहून थोडा जास्त, किमतीचा मात्र बराच मोठा. माझ्या मते हौशी माणसाने १.८ वर थांबावं. स्टॅन्ली कुब्रिकने 'बॅरी लिंडन'मधले (१९७५) मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग मूळ नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ ०.७ लेन्सवर चित्रित केले होते. ती माझ्या १.८ पेक्षा साडेसहापट प्रकाश घेते. पण तिचा फोकस इतका उथळ, की नटांना फार हलायची सोय नव्हती. कुब्रिकचं ऐकून नट स्थिर बसले. मामा माझं ऐकून बसणार नव्हता.

खरी चुरस होती ३५, ५० आणि ८५ मध्ये. तिन्ही एफ १.८. इथे "बसणार कुठे" हा प्रश्न कामाला येतो. जत्रेत खेळ बघायला तिकीट नसतं, लवकर गेलं तर पोरांच्या पुढच्या ओळीत जागा मिळते. तिथून राजा साधारण चार मीटरवर. कॅमेरा उभा धरला तर चार मीटरवर ८५ च्या चौकटीत सव्वा मीटरही उंची मावत नाही, म्हणजे किरीट ते कंबर. ५० मध्ये एक मीटर ८८ सेंटिमीटर, म्हणजे जरा मागे सरकलं की किरीटापासून घुंगरांपर्यंत आख्खा राजा. ३५ मध्ये राजा, त्याच्या मागचा बाक, बाजूचे वादक आणि मांडवाचा खांबसुद्धा.

दुसरा मुद्दा फोकसच्या खोलीचा. चार मीटरवर एफ १.८ ला ८५ ची खोली सोळा सेंटिमीटर, एक वीतही नाही. नाक स्पष्ट असेल तर खांद्यावरचा शेला विरघळतो. ५० ची सेहेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे एक हात. हलत्या माणसाला एक हात जागा पाहिजेच. ८५ चे पोर्ट्रेट दिसतात फार सुरेख, त्यात वाद नाही, पण ते खुर्चीत बसलेल्या माणसाचे.

झूमचाही विचार केला. एफ २.८ ची १७-५० मिळते, पण १.८ च्या तुलनेत प्रकाश निम्म्याहून कमी. सिग्माची १८-३५ एफ १.८ (२०१३) म्हणजे कौतुकाची गोष्ट, एपीएस-सीवर झूम असून सलग १.८. पण वजन ८१० ग्रॅम, आणि ३५ वर संपते. लग्नाच्या फोटोग्राफरांची ७०-२०० एफ २.८ दीड किलोची. रात्री बारा ते पहाटे सहा ती हातात धरायची तर फोटोंआधी माझ्या मनगटाचे एक्स-रे काढावे लागले असते.

शेवटी ५० घेतली, जुनी, फोर्टातल्या बोरा बाजारात. जुनी लेन्स घेताना एक करा: मागून मोबाइलची टॉर्च मारून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत ठेवा. कोकणच्या हवेत हा आजार फार. ३५ एका मित्राने चार दिवसांसाठी दिली, ती रंगपटासाठी. दोन मीटरवर बसून मेकअप करणाऱ्या माणसाला ५० मध्ये बसवायला मागे सरकावं लागतं, आणि मागे पेटारा असतो.

रंगपट म्हणजे देवळाच्या बाजूची एक खोली, एक बल्ब. प्रत्येकजण आपापल्या हातआरशात बघून आपला चेहरा आपणच रंगवतो. मामा मांडी घालू शकत नव्हता, पाय पसरून बसला होता. गुडघ्यांना आधी मलम, मग पट्टी, मग त्यावर विजार. शेजारी पंचविशीचा एक मुलगा साडी नेसून केसांत वेणी माळत होता, आणि मामा ओठ न हलवता त्याला रात्रीच्या आख्यानातला एक संवाद समजावत होता. इथे ३५ ने काम केलं. बल्ब एका बाजूला होता म्हणून चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी सावळी. फ्लॅशने हीच सावली सगळ्यात आधी मारली असती.

मांडवातल्या अडचणी वेगळ्या. पूर्वी पेट्रोमॅक्स असायचे, आता एलईडी. स्वस्त एलईडी विजेबरोबर सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. १/२५० ठेवलं की एक फ्रेम उजळ, पुढची मंद, कधी आडवे पट्टे. कॅमेऱ्यातलं फ्लिकर रिडक्शन चालू केलं आणि संवादांच्या वेळी १/१०० वर आलो. ऑटोफोकसला मदत करणारा पुढचा छोटा दिवा आठवणीने बंद केला, नाहीतर फ्लॅश नको म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत तोच जातो. एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल. मागचा काळा अंधार बघून कॅमेरा घाबरतो आणि रंगवलेला चेहरा जाळून टाकतो. संकासुराने मात्र ऑटोफोकसला दमवलं. अंगभर काळा वेश, पकडायला कडच नाही. लाल जिभेवर फोकस धरला तेव्हा काम झालं :-)

युद्धनृत्याला १/२५० आणि आयएसओ ६४००. पण खरी युक्ती सेटिंगमध्ये नव्हती, मृदंगात होती. गिरकी कितीही वेगात असली तरी समेवर पाय पडतो आणि शरीर क्षणभर थांबतं. झांज ऐकून बटण दाबायचं. अर्ध्या तासात बोटाला ते कळायला लागलं. तलवारीचं टोक थोडं फिसकटतं, चेहरा मात्र लख्ख. एरवी पायऱ्या चढताना कठड्याला धरणारा हा माणूस तिथे दोन्ही पाय उचलून फिरत होता. पहाटे दहीकाला झाला तेव्हा कार्डावर सोळाशेच्या वर फ्रेम होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉपवर निवडक शंभर दाखवले. मामाने इतक्या वर्षांत स्वतःला खेळ करताना बघितलेलंच नव्हतं. बघणार कधी, तो आत असतो. एकेक फोटो बराच वेळ बघत होता, मामी मागे उभी. मग मला सगळ्यात आवडलेला आला. तलवार वर, मान वळलेली, डोळे आगीसारखे, मागे सगळं मऊ सोनेरी धूसर. मी कौतुकाची वाट बघत थांबलो.

"पेटीवालो खंय गेलो?" मामाने विचारलं.

मी सांगितलं, की तो मागे तीन मीटरवर होता, म्हणून पुसट झाला, याला बोके म्हणतात, लोक यासाठीच पैसे मोजतात. त्याला काही हे पटलं नाही. पेटीवाले त्याच्याबरोबर सव्वीस वर्षं आहेत. मामा संवादात अडकला की ते सूर लांबवून त्याला वेळ देतात, आणि राजा बोलतोय असं सगळ्यांना वाटत असतं तेव्हा निम्मं काम त्यांचं असतं.

मनातल्या मनात हिशोब केला. पेटीवाल्यांचा चेहरा ओळखू येण्याइतका हवा तर निदान एफ ४ पाहिजे, म्हणजे पाचपट प्रकाश कमी, आयएसओ ३२०० चा १६०००. हा कॅमेरा तिथे उघडा पडतो. दुसरा उपाय फुकट होता: मांडवाच्या दुसऱ्या अंगाला बसायचं, म्हणजे राजा आणि पेटी कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्या अंतरावर येतात आणि एक हात खोलीतसुद्धा दोघं मावू शकतात. कंपनीचे अजून आठ-नऊ खेळ बाकी होते, पुढचा शनिवारी, वेंगुर्ल्याच्या बाजूला. मी मॅनेजरला सोमवारच्या रजेचा मेल टाकला आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली.